बिल आहे, पण सापडत नाही! छोट्या धंद्याचं डिजिटल दफ्तर कसं लावायचं?



आधी एक छोटी परीक्षा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात केलेल्या एखाद्या मोठ्या खरेदीचे तीन पुरावे शोधून काढा. खरेदीचं बिल, माल तुमच्याकडे पोचल्याचा कागद आणि पैसे दिल्याची बँकेतली नोंद. पाच मिनिटांत तिन्ही हाताशी आले, तर हा लेख नुसता चाळलात तरी चालेल.

बॅचमध्ये मी ही परीक्षा घेतो तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असतं, "सर, आहे ना, कुठंतरी आहे." बिल व्हॉट्सॲपवर आलं होतं, तो फोन नंतर बदलला. चलनाचा फोटो दुकानातल्या पोराच्या मोबाईलमध्ये होता, तो पोरगा आता दुसरीकडे कामाला. पैसे गुगल पे केले होते, पण कुठल्या खात्यातून ते आठवत नाही. म्हणजे रेकॉर्ड आहे, पण मागणाऱ्याच्या हातात देता येत नाही. धंद्याच्या हिशोबाने ते नसल्यातच जमा.

या वेळच्या व्हिडिओत फोल्डर कसे बनवायचे ते स्क्रीनवर दाखवलंय. इथे त्यामागची कारणं, कायद्याचा भाग आणि रोजची शिस्त जरा सविस्तर लिहितो.

कागद कोण मागतं आणि किती उशिरा मागतं?

आपण बिल जपतो ते महिनाअखेरपर्यंत. सीएकडे दिलं, रिटर्न भरलं, विषय संपला. मागणारे मात्र वर्षांनी येतात.

*जीएसटी.* खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्ही घेता. ते टिकवायला नुसतं बिल पुरत नाही. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे टॅक्स इनव्हॉइस तुमच्याकडे हवं, माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळालेली हवी, पुरवठादाराने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवून कर भरलेला हवा आणि तुम्ही त्याचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिलेले हवेत. म्हणून परीक्षेत मी तीन पुरावे मागितले. बिल, माल पोचल्याचा कागद आणि पेमेंट ही एक साखळी आहे. एक कडी निसटली की क्रेडिट अडचणीत येतं, आणि मग कर, व्याज, दंड आपल्या खिशातून.

मुदत किती ते बघा. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासूनच्या प्रकरणांना कलम ७४ए लागू आहे. त्यानुसार वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ४२ महिन्यांपर्यंत नोटीस निघू शकते. २०२४-२५ साठी नियमाप्रमाणे ही तारीख येते ३१ डिसेंबर २०२५. तिथून ४२ महिने मोजा, जून २०२९ उजाडतो. म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये घेतलेल्या मालाचं बिल पाच वर्षांनी मागितलं जाऊ शकतं.

*अडकलेली उधारी.* तुम्ही उत्पादन करता किंवा सेवा देता आणि तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून आहे, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. पण तिथे पहिला प्रश्न काय? वर्क ऑर्डर दाखवा, बिल दाखवा. ऑर्डर फोनवर तोंडी घेतलेली, चलनावर समोरच्याची सही नाही, तर एवढा चांगला कायदा असूनही उपयोग काय? (फक्त व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती मुख्यतः बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. ४५ दिवसांचं हे संरक्षण दुकानदारीला धरून चालू नका.)

साध्या दिवाणी दाव्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत असते. ही मुदत संपण्याआधी समोरच्याने बाकी मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी ३१ मार्चची बाकी कळवणारं पत्र पार्टीला पाठवा, सही-शिक्क्यासह परत मागवा आणि स्कॅन करून ठेवा. एका पानाचं काम आहे, पण लाखाची उधारी त्यावर उभी राहते.

*बँक.* मुद्रा लोन असो की मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं कर्ज, पुढे कॅश क्रेडिट वाढवायला गेलात की स्टेटमेंट, रिटर्न आणि हिशोब एकमेकांशी जुळतात का, हे बघितलंच जातं. ज्याची फाइल लगेच तयार, त्याचं काम पुढे सरकतं.

चांगल्या डिजिटल रेकॉर्डच्या तीन कसोट्या

आपल्याकडे २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. त्याच्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कसं जपलं म्हणजे ते जपलं असं धरायचं, हे सांगितलंय. वकिली भाषा बाजूला ठेवली तर तीनच गोष्टी उरतात:

१. पुढे कधीही उघडता आणि वाचता आलं पाहिजे.
२. ज्या रूपात तयार झालं किंवा आलं, त्याच रूपात असलं पाहिजे, किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या रूपात.
३. कुठून आलं, कुणाला गेलं, कोणत्या तारखेला आणि वेळेला, हे कळलं पाहिजे.

आता आपली सवय या कसोटीला लावून बघा. पार्टीने ई-मेलवर पीडीएफ बिल पाठवलं. आपण काय करतो? उघडतो, स्क्रीनशॉट घेतो, अकाउंटंटला व्हॉट्सॲप करतो आणि ई-मेल विसरतो. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, वेळ नाही, पीडीएफवर डिजिटल सही असेल तर तीही गेली. डिजिटल सहीचं पीडीएफ प्रिंट काढून परत स्कॅन केलं तरी तेच होतं, सहीचं चित्र राहतं, पडताळणी जाते. म्हणून पहिला नियम: आलेली फाइल जशीच्या तशी सेव्ह करा. स्क्रीनशॉट आठवणीसाठी, पुराव्यासाठी मूळ फाइल.

जीएसटीच्या नियमांतही डिजिटल हिशोबाबद्दल स्पष्ट लिहिलंय. नियम ५६ सांगतो की नोंद खोडायची किंवा पुसायची नाही, आणि हिशोब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या किंवा उडवलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. नियम ५७ सांगतो की व्यवस्थित बॅकअप ठेवा, म्हणजे अपघात किंवा नैसर्गिक कारणाने माहिती गेली तर ती वाजवी वेळात परत उभी करता येईल. आणि मागणी झाली तर फाइलींचा तपशील, पासवर्ड आणि वापरलेल्या कोडचा अर्थसुद्धा द्यावा लागतो.

त्यामुळे मागच्या महिन्याचं बिल सॉफ्टवेअरमध्ये उघडून रक्कम बदलायची सवय असेल, तर आजपासून बंद. माल परत आला किंवा दर जास्त लागला तर क्रेडिट नोट बनवा. चूक झाली होती आणि ती अशी सुधारली, हे दिसण्यात काही कमीपणा नाही. टॅली किंवा जे सॉफ्टवेअर वापरता त्यात एडिट लॉगची सोय आहे का, ते विचारून चालू करून घ्या. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचंच आहे.

जालन्याची केस आणि तुमचा जुना मोबाईल

"सर, व्हॉट्सॲपवरचं चॅट कोर्टात चालतं का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. याचं उत्तर समजायला आपल्या महाराष्ट्रातलीच एक केस बघू.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं, की खोतकरांचे अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुढे आलं. पण त्याच्या सीडींबरोबर कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिलं नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला.

निकालाचं सार असं: मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. पण तुम्ही कॉपी देत असाल, म्हणजे सीडी, पेन ड्राइव्ह, प्रिंटआउट, तर प्रमाणपत्र लागतंच. आणि ते देणारा देत नसेल तर कोर्टाकडून मागवून घेता येतं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र कायम आहे आणि त्याचा नमुनाही कायद्याबरोबर दिलाय. त्यात दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. आत एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा बदलतो.

आपण यातून काय घ्यायचं? ज्या फोनवर मोठ्या पार्टीशी ऑर्डर आणि पैशांचं बोलणं झालंय, तो फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी दहा वेळा विचार करा. वाद चालू असेल तर फोन जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, डिसअपिअरिंग मेसेज बंद ठेवा आणि एक्सपोर्ट चॅट करून मीडियासकट कॉपी काढून ठेवा. दर आणि मुदत ठरली की तेवढ्या मुद्द्यांचा एक ई-मेल पार्टीला पाठवायची सवय लावा: "आज फोनवर ठरल्याप्रमाणे इतके नग, या दराने, इतक्या दिवसांत पेमेंट." दोन ओळी पुरतात.

दफ्तर लावायचं कसं?

पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालात बांधलेले असतात. रुमालाला क्रमांक असतो म्हणून हवा तो कागद काढता येतो. आपलंही तेच. फोल्डर म्हणजे रुमाल.

मुख्य फोल्डर आर्थिक वर्षाचं, उदाहरणार्थ २०२५-२६. त्यात फक्त सहा:

- विक्री
- खरेदी (बिल आणि माल पोचल्याचं चलन एकत्र)
- बँक (स्टेटमेंट, यूपीआय आणि कार्ड मशीनचे रिपोर्ट)
- कर (जीएसटी, आयकर, व्यवसाय कर, सगळ्या पावत्या)
- माणसं (पगार, पीएफ-ईएसआयसी लागू असेल तर ते)
- करार आणि पत्रं (वर्क ऑर्डर, बाकीची पत्रं, नोटिसा)

वर्षाबाहेर एक वेगळं फोल्डर, "कायमचे". त्यात भाडेकरार, दुकान नोंदणी, उद्यम, जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, भागीदारी पत्र, कर्जमंजुरी, मशिनरीची बिलं. या कागदांना वर्ष संपल्याचं काही नसतं.

खरेदी आणि विक्रीत महिन्याचे बारा फोल्डर करा, बास. त्याच्या आत अजून फोल्डर करू नका, शोधण्यातच वेळ जातो.

फाइलचं नाव हे अर्धं काम आहे. "IMG" आणि पुढे दहा आकडे, असं नाव असलेली फाइल हरवलेलीच समजा. आपला साचा: वर्ष-महिना-दिवस, पार्टी, बिल नंबर, रक्कम. उदाहरणार्थ "२०२५-०८-१४ श्रीगणेश ट्रेडर्स ११७ ४८२००". वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. कॉम्प्युटरवर आकडे इंग्रजीत टाका आणि पार्टीचं नाव कायम एकाच स्पेलिंगने लिहा, म्हणजे सर्चमध्ये नुसतं नाव टाकलं की सगळी बिलं समोर.

थर्मल पेपरची बिलं, म्हणजे पेट्रोल पंप, कुरिअर, टोल, यांचा फोटो त्याच दिवशी काढा. उन्हाने आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ती शाई उडते आणि हातात कोरा कागद राहतो.

हे सगळं करायला माणूस ठेवायची गरज नाही. माझ्या दुकानात शटर ओढायच्या आधीची दहा मिनिटं यासाठी ठरलेली आहेत. दिवसभरात आलेली बिलं व्हॉट्सॲप आणि ई-मेलमधून उतरवायची, कागदी बिलं स्कॅन करायची, नाव द्यायचं, फोल्डरला टाकायची. आपल्या आजोबांच्या पिढीतले व्यापारी रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकान बंद करत नव्हते. वही बदलली, शिस्त तीच.

बॅकअप: तीन, दोन, एक

जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, दुकानं बुडाली. अशा पाण्यात वह्या जातात तसा काउंटरवरचा कॉम्प्युटरही जातो, आणि त्याच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राइव्हही जातो. बॅकअप त्याच छपराखाली असेल तर तो बॅकअप कसला?

जगभर वापरला जाणारा सोपा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुकानाबाहेर. आपल्यासाठी याचा अर्थ:

- मूळ डेटा दुकानातल्या कॉम्प्युटरवर.
- आठवड्यातून एकदा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी. कॉपी झाली की केबल काढा आणि डिस्क घरी न्या. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत मूळ डेटाबरोबरच सापडते.
- क्लाउडवर एक प्रत. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, पण त्यातच जीमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही मोजला जातो. धंद्यासाठी वेगळं खातं काढा.

सिंक आणि बॅकअप यात गल्लत करू नका. सिंक केलेल्या फोल्डरमधून तुम्ही इथे फाइल उडवली की तिकडचीही उडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक जुनी फाइल उघडून बघा. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न फुंकलेलं दूध.

किल्ल्या कुणाकडे?

माझ्या मते छोट्या धंद्यात डेटा अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण व्हायरसही नाही आणि पूरही नाही. किल्ली दुसऱ्याकडे असते, हे आहे. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल नंबर सल्लागाराचा. ई-मेल भाच्याने काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच माहीत. बिलिंग ॲप मॅनेजरच्या नंबरवर. संबंध गोड आहेत तोवर सगळं ठीक. फाटलं की ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि तुम्ही तुमच्याच धंद्याच्या दारात उभे.

आज संध्याकाळी ही यादी करा: जीएसटी, आयकर, उद्यम, बँक, ई-मेल, बिलिंग सॉफ्टवेअर, क्लाउड, सोशल मीडिया पेज. प्रत्येकापुढे लिहा, मोबाईल कुणाचा, ई-मेल कुणाचा. जिथे तुमचा नाही, तिथे बदलून घ्या. सीएला काम करायला लॉगिन लागतं, ते द्या, पण नोंदणी तुमच्या नंबरवर ठेवा. कामगाराला त्याचा वेगळा युजर द्या, सगळे एकाच "ॲडमिन"वर नकोत. तो काम सोडेल त्याच दिवशी त्याचा युजर बंद. बँकेच्या पीडीएफ स्टेटमेंटचे पासवर्डही कुठेतरी एका जागी लिहून ठेवा. आणि ही यादी घरात एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू द्या.

किती वर्षं ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही?

जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे. २०२४-२५ चे कागद म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतर एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, जे नंतर येईल ते. कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षांची. प्रत्येकासाठी वेगळं गणित लक्षात ठेवण्यापेक्षा सरसकट आठ वर्षं धरा, आणि वाद चालू असलेलं काहीही काढू नका.

"पोर्टलवर आहे ना सगळं" यावर विसंबू नका. जीएसटी पोर्टलवरचा डेटा सात वर्षांपर्यंतच दिसेल, असं धोरण जीएसटीएनने २०२४ मध्ये जाहीर केलंय. दर वर्षअखेरीला रिटर्न, २बी आणि बँकेचं पूर्ण स्टेटमेंट डाउनलोड करून आपल्या फोल्डरला टाका.

काही गोष्टी मात्र साठवूच नका. ग्राहकांच्या आधारचे फोटो गॅलरीत पडलेले असतात, गरज संपली की काढून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाच ही आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, सांभाळा आणि काम संपल्यावर ठेवू नका.

या आठवड्यात काय करायचं?

- सोमवार: सहा अधिक एक फोल्डर तयार करा.
- मंगळवार: लॉगिनची यादी, नंबर बदलण्याची सुरुवात.
- बुधवार: चालू महिन्याची सगळी बिलं नाव देऊन आत.
- गुरुवार: हार्ड डिस्कवर पहिली कॉपी, डिस्क घरी.
- शुक्रवार: सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग आणि वेगळे युजर.
- शनिवार: सगळ्यात मोठ्या पाच उधाऱ्यांची फाइल. ऑर्डर, बिल, सहीचं चलन आहे का? नसेल ते मागून घ्या, आत्ता पार्टी गोडीत आहे तोवरच.
- रविवार: बॅकअपमधून एक फाइल उघडून बघा.

जुनी पाच वर्षं एकदम लावायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. आजपासूनचं नीट ठेवा आणि मागचं दर रविवारी एक महिना या हिशोबाने उरका. तुमच्या प्रकरणात नेमकं काय लागू होतं ते सीएला किंवा वकिलाला विचारूनच ठरवा. पण त्यांच्यासमोर जाताना "कुठंतरी आहे" म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

महिन्याभराने तीच स्टॉपवॉचची परीक्षा परत घ्या, या वेळी चालू महिन्याच्या खरेदीवर. तीन पुरावे, पाच मिनिटं. किती वेळ लागला ते मला नक्की कळवा.